पिल्लू आणल्यापासून झोप नाही, जेवण नाही : पहिले काही महिने तुम्ही कसे निभावलेत?

पारिजात

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. घरी किंवा शेजारी बोलायला गेलं की "सुणेंच मरे ते (कुत्रंच ना ते), एवढं काय त्याचं" असं उत्तर मिळतं, म्हणून इथे लिहिते.

आमच्या वाड्यावर (डिचोली, गोवा) एका गोठ्यात गावठी कुत्री व्यायली होती. त्यातलं एक पिल्लू जूनच्या शेवटी आम्ही घरी आणलं. मुलीने नाव ठेवलं बोंडू. आता अडीच महिन्यांचा आहे. खातो-पितो चांगला, लशीचा पहिला डोस झालाय. त्याच्या तब्येतीची काही तक्रार नाही. मीच पार गळून गेलेय.

मी घरी शिवणकाम करते. नवरा वेर्ण्याला कारखान्यात, दर आठवड्याला पाळी बदलते. मुलगी शाळेत. म्हणजे दिवसभर बोंडू आणि मी. पहाटे साडेचारला त्याचं रडणं सुरू होतं. बाहेर धो धो पाऊस. पायरीपर्यंत नेलं की तो मागे फिरतो, आत येतो आणि मशीनखाली मुततो. मशीनवर बसले की पायडलवरच्या पायाला चावतो, खाली लोंबणारं कापड ओढतो. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) ऑर्डरी डोक्यावर आहेत. गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजपिसाला दातांची भोकं पडली तर मी काय सांगू? संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास तर घरभर सुसाट धावतो आणि हात, पाय, मुलीची वेणी, जे सापडेल ते धरतो. मी खोलीबाहेर गेले की किंचाळतो. आंघोळसुद्धा दार उघडं ठेवून करावी लागते.

सासूबाईंचं म्हणणं, तो देवखोलीत जाता कामा नये आणि तुळशीपाशी घाण करता कामा नये. त्यांचं चुकतंय असं मला मुळीच वाटत नाही. पण त्याच्यावर आणि त्यांच्यावर दोन्हीकडे लक्ष ठेवताना माझा जीव मेटाकुटीला येतो.

परवा दुपारी मोरीत जाऊन रडले. परत नेऊन द्यावा असं मनात येतं. मग तो येऊन पायावर डोकं ठेवून झोपतो, की पुन्हा रडू येतं. हे किती काळ चालतं? तुम्ही कसं निभावलं?

बार्देशी

पारिजातताई, तुम्ही लिहिलेल्यातली एकही गोष्ट विचित्र नाही. अडीच महिन्यांचं निरोगी पिल्लू असंच वागतं. आमच्या घरी आजवर बरीच पिल्लं वाढली, त्या अनुभवावरून लिहितो.

सगळ्यात आधी त्याची झोप बघा. या वयाच्या पिल्लाला दिवसाला अठरा ते वीस तास झोप लागते. ऐकून खोटं वाटतं, पण खरं आहे. आणि गंमत अशी की ते आपणहून झोपत नाही. घरात माणसं हिंडत असतात, मशीन चालू असतं, मुलगी शाळेतून येते, प्रत्येक वेळी ते उठून बसतं. संध्याकाळपर्यंत इतकं थकतं की स्वतःला आवरू शकत नाही. ते सहा-सातचं धावणं आणि चावणं बहुतेक वेळा अपुऱ्या झोपेचं असतं. लोकांना वाटतं ताकद उरलीय, म्हणून आणखी खेळवतात आणि ते आणखी बिथरतं.

तास-सव्वा तास जागं, मग दीड-दोन तास झोप, असा दिवस बसवा. जाग आली की लगेच शू, मग खाणं, थोडा खेळ, पुन्हा शू, आणि मग त्याच्या जागेवर. जागा म्हणजे एक बंदिस्त कोपरा. जाळीचा पिंजरा मिळाला तर उत्तम, नाहीतर दोन भिंतींच्या कोनात फळ्या उभ्या करून घ्या. खाली जुनं गोणपाट, वर अर्ध्या भागावर चादर, म्हणजे उजेड कमी होतो. शिक्षा म्हणून तिथे कधीही टाकू नका. जेवण तिथेच द्या, दार उघडं ठेवून. चार-पाच दिवसांत तो आपणहून आत जायला लागेल.

रात्री हा कोपरा तुमच्या खाटेशेजारी हवा. दोन महिन्यांचं होईपर्यंत ते भावंडांच्या अंगावर अंग टाकून झोपत होतं. एकदम पडवीत एकटं ठेवलं तर ते रडणारच. हात खाली सोडला की वास मिळेल, एवढं जवळ ठेवा. पहाटे साडेचारला रडला तर खरंच शू लागलेली असते. दिवा न लावता, न बोलता उचलून न्या, झालं की परत जागेवर. तेव्हा खेळ नाही, लाड नाही, रागावणंही नाही.

शीतकडी

संध्याकाळच्या धावपळीबद्दल +१. आमची मिरी अगदी हेच करायची. मी दिवेलागणीच्या आधीच तिला आत ठेवून पंखा लावायचे. दहा मिनिटं कुरकुर, मग गाढ झोप. उठल्यावर वेगळंच पिल्लू.

दर्याकिनारा

सगळ्यांच्या मताचा आदर ठेवून लिहितो. आमच्याकडे बाणावलीला घरात कुत्री आली ती अंगणातच वाढली. शीत आणि बांगड्याची डोकी खायची, माडाखाली झोपायची, चोर आला की भुंकायची. कोणी पिंजरे केले नाहीत, वेळापत्रकं केली नाहीत. ताई शिवणकाम करून संसार चालवतात, त्यांच्यावर एवढा भार का टाकायचा? पडवीत दोरी लावून बांधा, महिन्याभरात शिकेल.

सत्तरीचा_पाऊस

दर्याकिनारा, तुमच्या काळजीचा रोख पटतो. ताईंवरचा भार कमी झालाच पाहिजे. पण रात्री बाहेर बांधायचा सल्ला डिचोली-सत्तरीकडे देऊ नका, हात जोडून सांगतो. आमच्याकडे डोंगराला लागून असलेल्या वाड्यांवर बिबटा कुत्र्यासाठीच खाली उतरतो. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही. आमच्या शेजाऱ्यांच्या पडवीत सकाळी नुसता पट्टा आणि दोरी सापडली होती, पट्ट्याचा बक्कल तसाच लावलेला. लहान पिल्लाला तर बिबटाही लागत नाही, पावसात चिऱ्यांच्या गडग्यातून निघणारी घोणस पुरे.

आणि अंगणात वाढलेली जी कुत्री आपल्याला आठवतात ती जगलेली कुत्री. त्यांच्याबरोबर जन्मलेली बाकीची भावंडं पहिल्या पावसातच गेलेली असायची, ती कोणी मोजली नाहीत.

दर्याकिनारा

बिबट्याचं मला ठाऊक नव्हतं, आमच्याकडे समुद्र. मान्य. रात्री आतच ठेवा.

पशुसेवक

मी एका पशुवैद्यकाच्या दवाखान्यात मदतनीस आहे. पहिला डोस झाला म्हणता, ते चांगलंच. पण या वयात पुढचे डोस चुकले तर पहिल्याचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पिल्लाला आईच्या चिकातून काही आठवड्यांचं संरक्षण मिळतं. ते संरक्षण जोवर रक्तात असतं तोवर लस नीट लागू होत नाही, आणि ते नेमकं कधी संपतं ते प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने डोस देत सोळा आठवड्यांपर्यंत जावं लागतं. शेवटचा डोस सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच टाळतात. पिल्लू हुंदडत असतं, बघून वाटतं आता कशाला. डिस्टेंपर आणि पार्वो हे दोन विषाणूंचे आजार मोठे शत्रू. पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने जिवंत राहतो. उलट्या, मलूलपणा, खाणं बंद आणि वास मारणारे रक्ताचे जुलाब दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र काढू नका. सरकारी दवाखान्यांतही लस मिळते. डिचोलीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. पणजीला टोंक इथे मोठं सरकारी रुग्णालय आहे.

गोव्याच्या पावसात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजाराची लस चुकवू नका. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून तो होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. शेताच्या बांधावरचं, गोठ्यातलं, पागोळ्यांखाली साठलेलं पाणी त्याला पिऊ देऊ नका.

जंताचं औषध तीन महिन्यांचा होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा, वजन करून. गोठ्यात जन्मलेल्या पिल्लांच्या पोटात जंत असतातच असं धरून चला.

गोचिडांसाठी एक कळकळीची विनंती : गाई-म्हशींवर फवारायचं औषध पिल्लाला लावू नका. आमच्याकडे दर पावसाळ्यात अशी विषबाधा झालेली पिल्लं येतात, तोंडाला फेस, पाय लटपटत. काही वाचतात, काही नाही. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा आणि पिल्लाच्या वयाला चालणारं औषध डॉक्टरांकडूनच घ्या. ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त दिसलं तर रक्त तपासायला न्या.

पारिजात

बापरे, एवढी उत्तरं. खूप आभार सगळ्यांचे. बार्देशीकाका, कालपासून फळ्यांचा कोपरा केलाय, मशीनपासून लांब, पण मी दिसेन असा. काल दुपारी दीड तास झोपला आणि मी एक अख्खा ब्लाऊज पुरा केला.

पशुसेवक, एक विचारायचं राहिलं. त्याचे दात माझ्या पोटरीला लागून दोनदा रक्त आलंय. रेबीजची लस अजून झालेली नाही. घाबरायला हवं का?

पशुसेवक

घाबरू नका, पण आजच डॉक्टरांना दाखवा. रक्त आलेली जखम, पिल्लू बाहेर जन्मलेलं आणि लस नाही, या तीन गोष्टी एकत्र आल्या की अंदाज बांधत बसायचं नसतं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, ते ठरवतील. यापुढे ओरखडा उठला तरी हेच.

गोव्यात मिशन रेबीज या संस्थेने सरकारबरोबर वर्षानुवर्षं गावोगाव फिरून कुत्र्यांना लस दिली, शाळांतून मुलांना शिकवलं आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. नियंत्रित म्हणजे संपलेला नव्हे. कुत्र्यांमध्ये तो अधूनमधून सापडतो. बोंडूला तीन महिने पुरे झाले की रेबीजची लस, मग बूस्टर, मग डॉक्टर सांगतील तशी. कार्ड जपून ठेवा.

पारिजात

आताच केंद्रात जाऊन आले. पहिलं इंजेक्शन घेतलं, पुढच्या तारखा लिहून दिल्यात. मुलीलाही दाखवलं. बरं झालं विचारलं.

सासष्टीची_सून

अगं पारिजात, देवखोलीचं आमच्याकडेही असंच होतं. आमचं घर जुनं, राजांगण आहे, मधेच तुळस. मी तुळशीभोवती चार महिने बांबूची बुटकी कुडणी केली होती. देवखोलीच्या उंबऱ्यावर आडवा पाट. सासूबाईंना आधीच सांगून टाकलं की ही सीमा त्यांची, त्यांचा शब्द मोडणार नाही. मुख्य म्हणजे मीही ती मोडली नाही, एकदाही आमच्या पिल्लाला कडेवर घेऊन आत गेले नाही. पिल्लाला नियमातलं अर्धमुर्धं कळत नाही. आज चालतं आणि उद्या चालत नाही असं झालं की ते रोज विचारून बघतं.

शूचं : पावसाळ्यात पिल्लाला अंगणात काढणं जमतच नाही, उगाच झगडू नकोस. पडवीच्या टोकाला, जिथे झड येत नाही तिथे जागा ठरव. मी उथळ घमेल्यात अंगणातली माती आणि वर गवताची ढेकळं ठेवली होती. पायाला गवत लागलं की त्याला कळायचं. पहिल्यांदा त्याच्याच मुताचा बोळा त्यावर पुसून ठेव, वासाने तिथेच जाईल. पाऊस उघडला की घमेलं रोज थोडं थोडं पायरीकडे सरकवायचं. झालं की त्याच क्षणी खाऊ, आत आल्यावर नव्हे. आत आल्यावर दिला तर त्याला वाटतं आत येण्याचं बक्षीस मिळालं.

घरात मुतला तर नाक घासणं, फटका मारणं असलं काही करू नका. त्याने तो शू करायचं थांबत नाही, फक्त तुमच्यासमोर करायचं थांबतो आणि खाटेखाली जाऊन करतो. जागा व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पूस. अमोनियाचा वास असलेलं काही वापरू नकोस, त्याला तो मुताचाच वास वाटतो.

शीतकडी

आणि जागेपणी साधारण महिन्यांचं वय अधिक एक, इतकेच तास ते धरू शकतं असं म्हणतात. अडीच महिन्यांचा म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन तास, तेही शांत असेल तर. खेळताना दर अर्ध्या तासाने न्यायचं.

रायबंदर_रहिवासी

मध्येच विचारतो, क्षमस्व. लॅब्राडोर घ्यायचा विचार आहे. एक जण ३५ दिवसांचं पिल्लू द्यायला तयार आहे, म्हणतो लहान आणलं की माया जास्त लागते. आणू का?

पशुसेवक

नको. कुत्र्यांच्या पैदाशी आणि विक्रीचे २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, त्यानुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू भावंडांशी आणि आईशी खेळताना शिकतं. जोरात चावलं की समोरचं किंचाळतं आणि खेळ थांबतो. ३५ व्या दिवशी उचललं तर तो सगळा अभ्यास तुमच्या हातापायांवर होतो. जो माणूस हे सांगत नाही त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका. दत्तक घ्यायचं मनात असेल तर आसगावला इंटरनॅशनल ॲनिमल रेस्क्यू आहे, शिवोलीला वॅग ही प्राण्यांसाठीची संस्था आहे, तिथे पिल्लं घराची वाट बघत असतात.

रायबंदर_रहिवासी

धन्यवाद. थांबतो.

सत्तरीचा_पाऊस

चावण्याबद्दल आमच्याकडे नारळाचं सोडण द्यायचे. कुरतडत बसतं तासभर.

पशुसेवक

सोडण देऊ नका. काथ्याचे धागे गिळले की आतड्यात अडकतात, ऑपरेशनवर जातं. शिजवलेली हाडंही नकोत, ती टोकदार फुटतात. जुना टॉवेल ओला करून पिळायचा, गाठ मारायची, फ्रीजरमध्ये ठेवायचा. किंवा गार गाजर. तेही नजरेसमोर, आणि फाटायला लागलं की काढून घ्यायचं. दुधाचे २८ दात असतात, चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. म्हणजे चावणं मध्ये जरा कमी होऊन पुन्हा वाढेल. तेव्हा आपलं सगळं शिकवणं वाया गेलं असं समजू नका.

बार्देशी

कापड ओढतो त्यावर : ओढाओढी करू नका, त्याला तो खेळ वाटतो. ताई, तुमच्या मशीनच्या पायाशी एक टिकाऊ खेळणं बांधूनच ठेवा. कापड सोडलं, खेळणं धरलं की शाबासकी. पायाला चावला तर पाय ओढून घेऊ नका, झाडासारखं उभं राहा. हलणाऱ्या गोष्टीचा पाठलाग त्याच्या रक्तात आहे. तरीही थांबला नाही तर तुम्ही फळीच्या पलीकडे जा, अर्धा मिनिट. ओरडू नका. चावलं की माणूस नाहीसं होतं, एवढं त्याला कळलं की पुरे.

आणि त्याला तुमच्याशिवाय राहायला आत्तापासून शिकवा. फळीपलीकडे जा, दोन श्वास थांबून या. मग पाच. रडायच्या आत परत यायचं. घाई केली तर उलटं होतं.

आंबोशी

पारिजात, इथे सगळे पिल्लाबद्दल सांगतायत. मला तुझ्याबद्दल लिहायचंय.

तू मोरीत जाऊन रडलीस ते वाचून माझ्या पोटात तुटलं. तीन वर्षांपूर्वी मी त्याच जागी होते. ज्या गोष्टीची मुलं वर्षभर वाट बघत होती ती घरात आली, आणि मला रोज सकाळी डोळे उघडले की छातीत धस्स व्हायचं. आता पुढची बारा-तेरा वर्षं असंच, हा विचार. कुणाला सांगणार? लोक म्हणणार, हौस होती ना.

पुढे वाचनात आलं की हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये यावरच अभ्यास प्रसिद्ध केलाय. बाळंतपणानंतर सुरुवातीला जी उदासी येते तिच्याशी मिळतीजुळती अवस्था पिल्लू आणल्यावर अनेकांची होते, आणि तिचे तीन पदर त्यांना दिसले : वैताग, चिंता आणि थकवा. जवळजवळ निम्म्या मालकांनी पहिल्या काळात अशा भावना आल्याचं सांगितलं. काळ गेला की त्या आठवणी फिक्या होतात असंही त्यांना आढळलं. म्हणूनच जुने कुत्रेवाले तुला "काही नाही गं, मजा येते" म्हणतात. ते खोटं बोलत नाहीत, विसरलेले असतात.

त्यामुळे तुझ्यात माया कमी आहे असं कृपा करून मानू नकोस. झोप मोडलेलं माणूस आहेस तू. नवऱ्याशी बसून रात्री वाटून घे. त्याची दिवसपाळी असेल त्या आठवड्यात पहाटेची शू त्याच्याकडे, तो तसाही उठतो. मुलीकडे संध्याकाळचं खाणं आणि ब्रश. आठवड्यातून एक दुपार पिल्लू दुसऱ्या कुणाकडे आणि तू घराबाहेर, बाजारात, माहेरी, कुठेही. आणि असा काळोख महिनोन् महिने राहिला, जेवण-झोप पिल्लू झोपलेलं असतानाही येईना, तर डॉक्टरकडे जा. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

सासष्टीची_सून

आंबोशी, अगदी मनातलं लिहिलंस. आणि परत द्यायचा विचार मनात येणं म्हणजे पाप नव्हे. घरात कुणाला गंभीर आजार झाला, पोटापाण्याचं बिघडलं, तर चांगलं घर शोधून देणं हेसुद्धा त्याच्यावर प्रेमच आहे. फक्त थकव्याच्या भरात ठरवू नकोस, आणि रस्त्यावर किंवा मार्केटमध्ये सोडणं कधीच नको.

दर्याकिनारा

ताई, खाण्याचं काय देता? शीत-मासळी चालते ना? आमची सगळी त्यावरच वाढली.

पशुसेवक

चालते, पण पिल्लाला नुसत्या शितावर ठेवू नका, वाढीच्या वयात प्रथिनं आणि कॅल्शियम प्रमाणात लागतात. पिल्लांचं तयार खाणं परवडत असेल तर तो सोपा मार्ग. नसेल तर भात, उकडलेलं चिकन किंवा काटे काढलेला बांगडा, अंडं, थोडा भोपळा, आणि बाकी डॉक्टरांना विचारून. या वयात दिवसातून तीन-चार वेळा. आमटी-हुमण (माशांची आमटी) घालू नका. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. खारं सुकं मासळंही नको. चवथ जवळ आलीय म्हणून मुद्दाम सांगतो, नेवऱ्यांतल्या (करंज्यांतल्या) मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषासारख्या असतात. द्राक्षं आणि चॉकलेटही तसंच वर्ज्य. खाली बसून खाणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवा.

पावसात अंगणात खरबरीत पाठीचे बेडूक येतात, तो तोंडात धरून बघेल. लाळ गळायला लागली तर तोंड खाली करून ओल्या फडक्याने आतून पुसा आणि दवाखान्यात फोन करा.

शीतकडी

चवथीवरून आठवलं. आवाजांची सवय आताच लावा. तीन ते साधारण चौदा आठवडे या काळात पिल्लू जे बघतं-ऐकतं ते त्याला जगाचा भाग वाटतं. नंतर नवीन गोष्टीची भीती आधी वाटते. लशी पुऱ्या व्हायच्या आहेत म्हणून लोक तोवर घरात कोंडून ठेवतात आणि ती वेळ निघून जाते. खाली ठेवू नका, पण उचलून फिरवा. मी मिरीला कडेवर घेऊन म्हापशाच्या बाजाराच्या कडेला उभी राहायचे, गर्दीत शिरायचे नाही. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की चिकनचा तुकडा. नुस्तेकान्नीची (मासेवालीची) टोपली, हेल्मेट घातलेला माणूस, छत्री उघडण्याचा आवाज, प्रत्येकाला एक तुकडा. फटाके आणि ढोल-ताशे मोबाइलवर अगदी हळू लावायचे, ती खात असताना, आणि कान टवकारले की आवाज आणखी कमी.

पारिजात

आंबोशीताई, तुमचं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून पहाटेला तोच उठतोय. छत्रीचं आजच सुरू करते.

पारिजात

चवथ होऊन गेली, लिहायला उशीर झाला.

बोंडू आता साडेचार महिन्यांचा आहे. सोळा आठवड्यांचा डोस झाला, रेबीजची लस झाली, माझाही कोर्स पुरा झाला. घमेलं पायरीपर्यंत पोचलं आणि पाऊस ओसरल्यावर अंगणात गेलं, आता लागत नाही. घरात क्वचित होतं, पाहुणे आले की आनंदाने. रात्री सलग झोपतो. मीही.

गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली तेव्हा दोन तास नुसता वर बघत बसला होता, सुपाऱ्यांचा घोस हलला की भुंकायचा. देवखोलीचा पाट अजून आहे. सासूबाईंनी नियम सोडलेला नाही आणि तो पाटापाशी येऊन थांबतो, मी हाक मारायच्या आतच. त्यांच्या मध्ये मला उभं राहावं लागत नाही, हेच मला मोठं वाटतं.

जमलेलं नाही तेही लिहिते. दात पडतायत, परवा मुलीला खेळण्यात तांदळाएवढा दात सापडला. चावणं पुन्हा वाढलंय, पशुसेवक म्हणाले होते तसंच. मशीनचा पट्टा कुरतडला, नवीन घ्यावा लागला. विसर्जनाला फटाके वाजले तेव्हा खाटेखाली शिरला आणि खूप वेळ बाहेर आला नाही. आता दिवाळी येतेय. आमच्या वाड्यावर नरकासुराचा पुतळा रात्रभर उभा असतो, मोठाले स्पीकर, आणि पहाटे जाळताना आतले फटाके. त्या रात्री काय करायचं?

शीतकडी

खाटेखाली जात असेल तर जाऊ दे, ओढून काढू नकोस. ती त्याने निवडलेली जागा आहे. आधीच तिथे गोणपाट आणि पाणी ठेव. रस्त्यापासून लांबची खोली, खिडक्या बंद, पंखा पूर्ण वेगात, हळू आवाजात टीव्ही. संध्याकाळी उजेड असतानाच पोटभर फिरवून आण, नंतर दोरी लावल्याशिवाय अंगणातही नाही. घाबरलेलं कुत्रं गडगा ओलांडून कुठच्या कुठे जातं, म्हणून पट्ट्यावर फोन नंबर हवाच. जवळ बसून थोपटलंस तर भित्रा होतो असं म्हणतात त्यात तथ्य नाही, खुशाल जवळ घे.

पशुसेवक

सहमत. थरथर, लाळ, धाप थांबत नसेल इतकी भीती असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोला, अशा रात्रीसाठी औषध असतं. माणसांच्या झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नका.

नसबंदीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण वय जवळ येतंय म्हणून लिहितो. गावठी नराला साधारण सहा महिन्यांनंतर करतात. बोंडूचं वजन आणि तपासणी बघून डॉक्टर तारीख देतील. दिवाळीनंतरची मागा, म्हणजे टाके ताजे असताना फटाके नसतील. आदल्या रात्रीपासून खाणं किती वेळ बंद ठेवायचं ते त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि नंतर दहा-बारा दिवस जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायचा कोन लागेल. तुम्ही शिवणकाम करता, तर जुन्या बनियनला चार नाड्या लावून पोटावर बांधायचं कापडही शिवता येईल. बरीच कुत्री ते कोनापेक्षा नीट सहन करतात.

पारिजात

कापड उद्याच बेतते. माप कुठून कुठपर्यंत घेऊ, मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत ना?

पशुसेवक

हो, आणि छातीचा घेर. नराची शू पोटाखालून होते, तेवढी जागा मोकळी सोडा.